खाऱ्या पाण्याची बादली

चतुराबाईचे कान विजेनं नेले, असं खारखेडात सगळेच म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. पण ती वीज तिच्या कानांपर्यंत आली कशी आणि तिला वाट कोणी करून दिली, हे एकट्या देवमन मास्तरला ठाऊक होतं, आणि देवमन मास्तर मूग गिळून बसला होता.

खारखेड हे भातकुलीच्या पलीकडचं, पूर्णेच्या खारपट्ट्यातलं गाव. जमीन काळीभोर, कपाशी डोळे निवतील अशी; पण विहिरीला पाणी लागतं ते मिठासारखं. गोड पाणी बायका लांबच्या झिऱ्यावरून आणत आणि वाटीवाटीनं वापरत. खारं पाणी मात्र पाहिजे तेवढं. त्याला कोणी विचारत नसे. हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण देवमननं पुढं स्वतःची समजूत घालायला नेमकी पाण्याच्या टंचाईचीच सबब शोधली.

देवमन गावकुसाबाहेरच्या वस्तीतला पहिला शिकलेला माणूस. छप्पनच्या दसऱ्याला वस्तीतली अर्धी माणसं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली, त्यांत तो पुढं होता. घराघरातले देव त्यानं स्वतः टोपल्यात भरून पूर्णेत सोडले होते. वस्तीनं टिनाच्या छपराचं विहार बांधलं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला, आणि साठ साली विहारात रेडिओ आणायचं ठरलं. गावच्या पंचायतीचा रेडिओ होता, पण तो पाटलाच्या ओसरीवर. तिथं वस्तीच्या माणसांनी ऐकायचं ते रस्त्यावर उभं राहून. आपला रेडिओ, आपल्या छपराखाली, मांडी घालून ऐकायचा, ही गोष्ट साधी नव्हती. म्हणून देवमन रेडिओसाठी अकोल्याला गेला तो नवरी पाहायला निघाल्यासारखा, कडक इस्त्री करून.

ताजनापेठेत नियाजचं दुकान होतं. देवमन अकोल्याला शिकत होता तेव्हापासून दोघांची ओळख. बॅटरीवर चालणारा सेट पाहता पाहता ठरला. खरा वेळ गेला तो विजेच्या बचावाचं साधन निवडण्यात. दोन उंच बांबूंवर एरियलची तार ताणायची, आणि खारखेडच्या उघड्या रानात तेवढं उंच दुसरं काहीच नाही. वीज पडली तर तिथंच पडणार, हे नियाजनं आधीच बजावलं. मग त्यानं काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. एक पितळी पात्याचा खटका. आभाळ आलं की हातानं तो खाली पाडायचा, म्हणजे एरियल सरळ जमिनीला जोडली जाते. दुसरी चिनीमातीची डबी, आत दातेरी पितळी पट्ट्या समोरासमोर; वीज त्या फटीतून उडी मारून जमिनीत जाते, माणसानं काही करायला नको. तिसरी तशीच, पण विलायती, फट काचेच्या नळीत बंद केलेली.

देवमननं विचार केला तो वाईट नव्हता. खटका कोणीतरी पाडायला हवा, आणि दहाजणांची वस्तू असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं पाडला असेल. उघड्या पट्ट्यांना खारपट्ट्याची हवा दोन पावसाळ्यांत गंज चढवील. काचेची नळी बंद. तिला ना धूळ, ना गंज. त्यानं विलायती नळी उचलली. नियाजनं मान डोलावली, निवड बरोबर आहे म्हणाला, आणि मग नळी कागदात गुंडाळता गुंडाळता जे बोलला ते देवमनला पुढं झोपेतही ऐकू येत असे.

“मास्तर, हे विजेले फक्त दरवाजा दाखवते. जायाचं तं तिले जमिनीतच हाय. तुमची जमीन उन्हाळ्यात फाटते. खड्ड्यात रोज बादलीभर पाणी गेलं पायजे, पाऊस लागेपर्यंत. खारं असलं तं उलट चांगलं. जमीन कोरडी पडली तं वीज परत फिरून घरात घुसते, मंग नळी विलायती असो का अकोल्याची.”

नियाज स्वतः येऊन सगळं बसवून गेला. विहारामागं कमरेइतका खड्डा खणला, तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा आणि मीठ घातलं, आणि पाणी आत जावं म्हणून लोखंडी नळाचा तुकडा वीतभर वर काढून ठेवला. एरियलची तार मागच्या भिंतीवरून उतरून त्या खड्ड्यात गेली. रोजचं पाणी टाकायचं काम देवमननं चतुराबाईला सांगितलं. ती एकटी बाई, नवरा कधीच गेलेला, आणि घर विहाराला खेटून. तिनं देवमनला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं, त्यामुळं सांगायला संकोचही नव्हता.

चतुराबाईनं ते काम असं मनावर घेतलं की विचारू नका. पाणी वाहून जाऊ नये म्हणून तिनं खड्ड्याभोवती गोल गोटे लावले, माती थापली. रोज दिवेलागणीला खाऱ्या पाण्याची बादली आणायची, नळावर हळूहळू ओतायची, आणि झालं की हात जोडायची. हात जोडायची तिला सवयच होती. कंदील लावला तरी जोडायची, नागपूर केंद्रावरचा गावकऱ्यांचा कार्यक्रम संपून रेडिओ बंद झाला तरी जोडायची. रेडिओवर तिचा फार जीव. कार्यक्रम लागला की सगळ्यांत पुढं, पेटीपासून हातभर अंतरावर बसायची. मधल्या गाण्याला तिची मान डुलायची आणि पोरीबाळी तिला हसायच्या.

वैशाखी पौर्णिमेला विहारात मोठा कार्यक्रम झाला. भाषणाला अमरावतीहून वामनराव वकील आले. माणूस जिभेचा तिखट. भाषण झाल्यावर ते हात धुवायला म्हणून विहारामागं गेले आणि तिथंच थबकले. समोर गोल गोट्यांचं आळं, मधे ओल्या काळ्या मातीतून वर आलेला नळ, त्यावर पाण्याची धार, आणि हात जोडून उभी म्हातारी.

“वा मास्तर,” वामनराव म्हणाले, “पुढं विहार बांधलं अन् मागं पिंड बी बसवली.”

सगळे हसले. पाहुण्यांबरोबर आलेले हसले, वस्तीतली तरणी पोरं हसली. देवमनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे अर्थिंग आहे, असं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण हसणाऱ्यांसमोर समजावत बसण्यापेक्षा रागावणं सोपं असतं, आणि देवमननं सोपं ते केलं. सगळ्यांदेखत तो चतुराबाईवर तुटून पडला. नागपूरला प्रतिज्ञा घेतल्या त्या काय गोटे पुजायला घेतल्या, असं त्यानं तिला विचारलं, आणि गोटे पायानं उडवले.

“पाणी टाक म्हणून तूच तं सांगतलं होतं, देवमन,” ती हळूच म्हणाली.

“पाणी टाक म्हटलं होतं, पूजा कर नव्हतं म्हटलं. आता पाणी बी नको. हात लावू नको तिथं.”

चतुराबाईनं बादली उचलली आणि खाली मान घालून घरी गेली. वामनरावांनी देवमनची पाठ थोपटली. ते थोपटणं त्याला त्या दिवशी फार गोड लागलं.

उद्या शाळेतल्या एखाद्या पोराला पाण्याचं सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. उद्या आला आणि गेला. मग त्याला वाटलं, आपणच पाणी बंद करायला लावलं आणि आपणच पुन्हा सुरू केलं, तर लोक म्हणतील मास्तर पिंडीला घाबरला. मग उन्हाळा कडक झाला, झिरा आटला, बायका पाण्यासाठी वणवण फिरू लागल्या, आणि त्यानं स्वतःला सांगितलं की माणसांना प्यायला नाही तिथं खड्ड्यात पाणी कुठं ओतायचं. खाऱ्या विहिरीला पाणी भरपूर होतं हे त्याला दिसत होतं. रोज तिच्याच शेजारून तो शाळेत जात होता.

आणखी एक गोष्ट झाली. बोलणं खाल्ल्यापासून चतुराबाई विहारात यायची बंद झाली. रेडिओ मात्र तिला सुटेना. संध्याकाळी ती विहाराच्या मागच्या भिंतीला टेकून बाहेरच बसायची आणि भिंतीतून येईल तेवढं ऐकायची. देवमनला ते ठाऊक होतं. एकदा तिला आत बोलवावं म्हणून तो उठलाही होता, पण कार्यक्रम सुरू झाला आणि तो परत बसला.

रोहिण्यांत एका संध्याकाळी आभाळ काळवंडून आलं. वारा सुटला, धूळ उठली, पाण्याचा एक थेंब नाही. आणि रेडिओ चालू असतानाच एरियलच्या बांबूवर वीज पडली. विलायती नळीनं आपलं काम चोख केलं. तिनं वीज सेटकडं न जाऊ देता खाली जमिनीकडं लोटली. पण खाली जमीन होती कुठं? काळी माती फाटून पत्र्यापासून सुटली होती, हात जाईल एवढाल्या भेगा पडल्या होत्या. वीज खड्ड्याच्या तोंडाशी अडली, नळी फुटली, भिंत फुटली, रेडिओ जळाला, आणि तारेला लागून बसलेली चतुराबाई दूर फेकली गेली. आतल्या माणसांना खरचटलंसुद्धा नाही.

तिला बैलगाडीतून अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, हातावर भाजल्याची रेघ राहिली, आणि दोन्ही कान गेले. अगदी कानाशी ओरडलं तर काहीतरी कळायचं, एवढंच.

वस्तीत तीन तर्क निघाले. म्हातारी माणसं कुजबुजू लागली की पिंड मोडली म्हणून महादेव कोपला. तरणी पोरं म्हणू लागली की नियाजनं नकली नळी गळ्यात मारली. त्यांचा पुढारी जानराव, तो तर अकोल्याला जाऊन दुकान उलटंपालटं करायला निघाला होता. आणि चतुराबाईचं स्वतःचं म्हणणं सगळ्यांहून वेगळं. आपण हात जोडले, प्रतिज्ञा मोडली, म्हणून वीज आपल्यालाच शोधत आली, असं तिनं पक्कं धरलं. दवाखान्यातून आली ती विहाराची पायरीही चढेना.

देवमननं काय करावं? खरं सांगावं तर म्हातारे म्हणणार, पहा, पाणी बंद केलं म्हणूनच कोपला. चार वर्षांपूर्वी नदीत सोडलेले देव दुसऱ्या दिवशी घरोघरी परत येतील. चळवळीसाठी गप्प बसणंच बरं, असं तो रात्रंदिवस स्वतःला पटवत होता. कारण मोठं होतं, थोडंफार खरंही होतं. पण त्याच्या आड आपण लपतो आहोत हे कळण्याइतका तो शहाणा होता, आणि म्हणूनच त्याला जेवण गोड लागत नव्हतं. जानरावानं अकोल्याचं काढलं तेव्हा मात्र त्यानं घाईघाईनं सांगितलं की मीच जातो.

फुटलेली नळी रुमालात बांधून तो नियाजसमोर बसला. नियाजनं आधी म्हातारीचं विचारलं, नळीचं नंतर. कान गेल्याचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं नळी उलटसुलट पाहिली आणि एकच विचारलं, “पाणी चालू होतं ना खड्ड्यात?”

“होतं,” देवमन म्हणाला.

नियाजनं पुढं काही विचारलं नाही. मास्तर माणूस होतं म्हणतो म्हणजे होतं. तो म्हणाला की खड्डा मीच कमी खोल खणला असणार, तार मीच भिंतीला फार चिकटवली. चूक माझी. नवं सगळं घेऊन मी येतो, पदरचं बसवून देतो, आणि त्या माऊलीची माफी मागतो. देवमन नको नको म्हणत राहिला. त्याला वाटलं आत्ता सांगावं. पण आत्ता सांगितलं तर मघाचं खोटं आधी सांगावं लागणार होतं, आणि तो रुमाल घडी घालून उठला.

नियाज येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी देवमननं जे केलं ते सांगायलाही लाज वाटते. मृग कोरडाच चालला होता. उद्या नियाजनं खड्डा उघडला की कोरडी माती दिसणार आणि आपलं पितळ उघडं पडणार, या भीतीनं तो बादली घेऊन विहारामागं गेला. एक बादली ओतली, ती भेगेत गडप झाली. दुसरी ओतली, तीही गेली. तिसरी ओतताना मागून कोणीतरी त्याचा हात धरला.

चतुराबाई होती. धापा टाकत आली होती. तिनं त्याच्या हातातली बादली हिसकून घेतली आणि छातीशी धरली.

“नको टाकू, बापा,” ती मोठ्यानं म्हणाली. आता ती सगळंच मोठ्यानं बोलायची. “मी पाणी टाकून हात जोडले म्हणून माह्यावर पडली. तुले बायको हाय, लेकरं हाय. माही चूक तू नको करू.”

देवमन तसं नाही, तसं नाही म्हणाला. तिला ऐकू गेलं नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडला असता तर गेलं असतं. शेजारच्या दारात माणसं होती. तो ओरडला नाही. ती बादली घेऊन निघून गेली, जाताना त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेली, आणि देवमनला त्या क्षणी आपल्याइतका हलका माणूस जगात दुसरा नसेल असं वाटलं. त्याच पाठीवर वामनरावांनी थोपटलं होतं.

दुसऱ्या दिवशी नियाज आला. सामान विहारात ठेवून तो आधी चतुराबाईच्या अंगणात गेला. त्याच्या मागोमाग अख्खी वस्ती जमली. जानराव बाह्या सरसावून उभा. नियाजनं टोपी सारखी केली, चतुराबाईपुढं उकिडवा बसला आणि हात जोडून म्हणाला की माझ्या हातून काम कच्चं झालं, मला माफ कर. पोरांमध्ये गुरगुर उठली. जानराव एक पाऊल पुढं आला.

चतुराबाई नियाजच्या ओठांकडं पाहत राहिली. मग तिनं गर्दीत देवमनला शोधलं.

“देवमन, काय म्हणून राहिला हा माणूस? हात कायले जोडते मले? सांग बरं, मोठ्यानं सांग.”

देवमन पुढं झाला. तिच्याशेजारी बसला, तोंड कानाशी नेलं. गुपचूप तिच्या घरी जाऊन, दार लोटून, हळू आवाजात तिला सांगायचं, असं त्यानं कालपासून शंभरदा घोळवलं होतं. हळू आवाजात तिला आता कोणीच काही सांगू शकत नव्हतं. आणि ते कोणामुळं, हेच तर सांगायचं होतं.

“चूक त्याची नाही, माय,” तो बोलला. तिला कळलं नाही. तिनं मान हलवली. मग देवमननं छाती भरून श्वास घेतला आणि वर्गातसुद्धा कधी ओरडला नव्हता तसा ओरडला. “चूक माही हाय. पाणी टाकणंच बरोबर होतं. मी बंद केलं. लोक हसले म्हणून बंद केलं. मले मालूम होतं, तरी बंद केलं. नियाजले बी खोटं बोललो.”

जानरावाची बाही अर्धीच वर राहिली. नियाजनं जोडलेले हात सोडले आणि जमिनीकडं पाहू लागला. म्हाताऱ्यांतला एकजण काही पुटपुटला तेव्हा देवमन त्याच्याकडं वळून तितक्याच मोठ्यानं ओरडला की देवाचा ह्यात काही संबंध नाही, पत्र्यापासून माती सुटली होती, उद्या खणून दाखवतो. मग त्याचा आवाज बसला.

चतुराबाईनं एवढंच विचारलं.

“मंग मी हात जोडले म्हणून नाही पडली?”

देवमननं मान हलवली. नाही.

“पक्कं?”

“पक्कं, माय.”

तिनं पदरानं डोळे पुसले. “महिना झाला, बाबासाहेबाच्या फोटोकडं पाह्यलं नाही मी,” ती म्हणाली. “तोंड दाखवू कसं म्हणून.” आणि उठली, भिंतीचा आधार घेत घेत विहाराकडं चालू लागली. देवमनकडं तिनं वळून पाहिलं नाही. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

नियाजनं खड्डा पुन्हा खणला, यावेळी देवमननं कुदळ धरली. दोघांत कामापुरतं बोलणं झालं. नवी नळी बसली, नवा सेट लागला. नियाज जाताना चहा न घेता गेला. पुढं तो येत राहिला, पण मास्तर काही म्हणाला की दोनदा विचारायचा. त्याचा देवमनला राग यायला जागा नव्हती.

रेडिओ पुन्हा सुरू झाला त्या संध्याकाळी चतुराबाईनं खाऱ्या पाण्याची बादली आणली, नळावर ओतली, आणि सवयीनं हात जोडले. कोणी हसलं नाही. मग ती आत येऊन सगळ्यांत पुढं, आपल्या जुन्या जागी बसली, आणि शेजारची जमीन थोपटून देवमनला म्हणाली,

“इथं बस. रेडिओ काय बोलते ते मले तूच सांगत जाय आता.”

देवमन बसला. कापसाचे भाव त्यानं तिच्या कानात ओरडून सांगितले. बोंडअळीवरच्या फवाऱ्याचं सांगितलं, हवेचा अंदाज सांगितला. ती मान डोलवत ऐकत होती. मग कार्यक्रमातलं मधलं गाणं लागलं. समोरच्या माणसांच्या माना डुलताना पाहून तिला ते कळलं असावं. तिनं कान त्याच्याकडं केला आणि वाट पाहत राहिली.

देवमननं तोंड उघडलं, पण गाणं काही त्याला सांगता आलं नाही. ते संपेपर्यंत ती तशीच, कान पुढं करून बसली होती.